बाविसाव्या मजल्यावरचा बांगडा

मला मासे चालत नाहीत. जन्म मालवणी घरात, वाढ लालबागच्या चाळीत, आणि बांगड्याचा एक घास पोटात गेला की ओठ सुजून भजी होतात. लहानपणी मजल्यावरच्या बायका आईकडे बघून हळहळायच्या, पोरगी मुकी निघाल्यासारख्या. पुढे माझं लग्न जमलं नाही. त्याला कारणं बरीच होती, पण आई अजून बांगड्यालाच दोष देते.

म्हणजे घरात मासे खाणारी माणसं दोनच, आई आणि बाबा. त्यांची वाटणी ठरलेली होती. मधले तुकडे आईचे, डोकं बाबांचं. बाबा डोकं खायला बसले की कोणाशी बोलायचे नाहीत, दारात पोलीस आला तरी. ते गेले आणि आईने मासे आणणंच सोडलं. "एकटीसाठी कोण तवा ठेवणार," म्हणायची. मग माझ्याबरोबर वरण-भाताला बसायची, बसायची म्हणजे चिवडत राहायची. दोन घास झाले की "भूक नाय माका" म्हणून ताट सारायची. डॉक्टरने टॉनिक दिलं, शेजारच्या काकींनी नजर काढली, मी कटकट केली. कशाचा उपयोग झाला नाही. आई वाळत चालली होती आणि मी ऑफिसातून रोज दुपारी फोन करून "जेवलीस का" विचारायचे.

एका रविवारी काकी चार बांगडे घेऊन आल्या. "माझा हात दुखतोय, जरा साफ करून दे," म्हणाल्या. त्यांचा हात ठणठणीत होता, हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. आई गॅलरीत विळी घेऊन बसली. पहिलं डोकं कापून ताटलीत ठेवलं, तेवढ्यात तिच्या कानाजवळून काहीतरी सूं करून गेलं. बघते तर ताटली रिकामी. समोर आकाशात घार, पायात बांगड्याचं डोकं, आणि बाई उडता उडताच मान खाली घालून खातायत. आईने कठड्याशी जाऊन तिच्या सात पिढ्या काढल्या. मग एकदम हसायलाच लागली.

"बघितलंस? बरोबर डोक्याकच हात घातल्यान. तुझ्या बापाशीसारखी."

बाबा गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणून ती गप्प बसली. बुधवारी सकाळी मी उठले तर पिशवी खुंटीला नाही आणि आई घरात नाही. आई बाजारात गेली होती.

तेव्हापासून क्रम लागला. बुधवार, शुक्रवार, रविवार आई मासे आणायची. डोकी घारीची, बाकीचं आईचं. आता तवा ठेवलाच आहे तर दोन तुकडे तळते, असं करत करत ती पुन्हा जेवायला लागली. घारीला मात्र वार कळत नसत. ती गुरुवारीही कठड्यावर येऊन बसायची आणि मान वाकडी करून आत बघायची. आई आतून सांगायची, "आज गुरुवार आसा. उद्या ये." एका संकष्टीला आईला दया आली म्हणून तिने साबुदाण्याचा वडा ठेवला. घारीने तो उचलला, पानवाल्याच्या टपरीपर्यंत नेला आणि तिथे सोडून दिला. पानवाला वर बघून बराच वेळ बोलत होता.

मीही बघायला लागले. इतकी वर्षं घारी माझ्या डोक्यावर होत्या आणि मी कधी वर बघितलं नव्हतं. आता सकाळी चहाचा कप घेऊन उभी राहायचे. घार पंख हलवायचा कंटाळा करते, हे पहिलं कळलं. ती वाऱ्यावर पडून राहते आणि दुभंगलेली शेपटी वळवून दिशा बदलते. कावळे मागे लागले तर तिला राग येत नाही, ती फक्त जरा वर जाते. ऑफिसातल्या एकीने विचारलं, "तुमच्याकडे ईगल येतो म्हणे?" मी म्हटलं, ईगल तुमच्याकडे येत असेल, आमच्याकडे घार येते.

थंडी सरता सरता ती डोकी खायची सोडून घेऊन जायला लागली. कुठे जाते ते बघायला मी दुर्बीण आणली. त्यावरून मजल्यावर दोन दिवस चर्चा झाली, कारण आमच्या समोर जुन्या गिरणीच्या जागेवर मोठा टॉवर आहे आणि तिथली माणसं पडदे लावत नाहीत. पण मला सापडलं ते घरटं. टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर, एसीच्या यंत्रामागच्या सज्जावर काटक्या, वायरी, प्लॅस्टिक आणि कोणाचा तरी मोजा. त्यातून एक पांढुरकं डोकं वर आलं आणि पुन्हा खाली गेलं. पिल्लू होतं. काकी म्हणाल्या, "चला, आपल्यातलं कोणीतरी टॉवरमध्ये राहायला गेलं."

टॉवर शुद्ध शाकाहारी आहे. असा नियम कागदावर नसेल, पण तिथे घर घेताना अंड्याबद्दलसुद्धा विचारतात म्हणे. अशा इमारतीत आकाशातून माशांची डोकी पडायला लागली तर काय होणार, हा विचार आमच्यापैकी कोणाला शिवला नाही. आम्ही पिल्लाच्या कौतुकात होतो.

एका रविवारी सकाळी टॉवरचे सेक्रेटरी आमच्या चाळीत आले. बरोबर एक बाई होत्या, नाकावर ओढणी धरलेल्या. घरटं त्यांच्याच खिडकीखाली होतं. सेक्रेटरींनी गॅलरीत उभं राहून सांगितलं की तुमच्या चाळीतून कोणीतरी आमच्यावर मासे फेकतंय. स्विमिंग पुलात एक डोकं मिळालं, योगा चालतो तिथे एक, आणि या मॅडमच्या खिडकीत तर रोज.

आमचे चाळीचे सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बाविसाव्यावर मासा फेकायला काय रॉकेट आहे आमच्याकडे?"

तिथेच विषय संपला असता. सगळे तोंड मिटून उभे राहिले असते तर पाहुणे वैतागून परत गेले असते. पण त्यांनी पुरावा म्हणून मोबाईलमधला फोटो दाखवला, आणि लालबागच्या माणसासमोर माशाचा फोटो धरला की तो आरोपी राहत नाही, परीक्षक होतो.

"सुरमई आहे," आमचे सेक्रेटरी म्हणाले.

गॅलरीत कुजबुज सुरू झाली. सुरमई? एवढा महागाचा मासा, आपल्या चाळीत? ज्यांच्याकडे नुकतंच लग्न झालं होतं, त्यांच्याकडे सगळे संशयाने बघायला लागले. त्या घरचे नाही म्हणाले, पण इतक्या हळू की सुरमईचा आळ त्यांना बराच आवडलेला दिसला.

"कसली सुरमई, बांगडा तो," काकींनी फोटो मोठा करून बघितला. "शिळा. डोळा बघा कसा आत गेलाय."

"शिळा नाही, उन्हात पडलाय," मागून कोणीतरी म्हणालं.

"आणि कापलाय कोणी हा?" काकी थांबेनात. " हाताला वळण नाही. अर्धं मांस डोक्यालाच राहिलंय."

मी आईचा दंड धरला. ती दारात माझ्या मागे उभी होती, आणि तिचा श्वास बदललेला मला ऐकू आला. मी हळूच म्हटलं, "आई, आत चल." पण तोवर आई माझ्या हाताखालून पुढे गेली होती.

"हाताक वळण नाय?" ती काकींना म्हणाली. "चाळीस वर्सां कापतंय मी. मुद्दाम ठेवलंय मांस. तिका पिल्लू आसा, नुसत्या हाडांवर वाढात काय ता?"

सगळ्या मजल्याने तिच्याकडे बघितलं. मग टॉवरच्या सेक्रेटरींकडे. काकींनी तोंडावर हात ठेवला, पण बाण सुटला होता.

"म्हणजे तुम्ही घालता," सेक्रेटरी म्हणाले.

"मी खायला घालते. फेकत नाही," आई शुद्ध मराठीत म्हणाली, कारण आता तिला राग आला होता. "तिच्या पायातून पडलं तर तो दोष तिचा. लहान पोर घरात असलं की बाईच्या हातून सांडतं."

टॉवरचे सेक्रेटरी म्हणाले, आम्ही माणसं बोलावून घरटंच काढून टाकतो. तिथे मी तोंड उघडलं. घरट्याला हात लावणं हा गुन्हा आहे, मी स्वतः तक्रार करीन, आणि माझ्याकडे दुर्बीण आहे, असं सगळं एका दमात बोलले. दुर्बिणीचं नाव काढताच ते जरा चपापले. शेवटी दोन्ही सेक्रेटरींनी तोड काढली. घरट्याला कोणी हात लावायचा नाही, आणि चाळीतून कोणी खायला घालायचं नाही. आई "बरं" म्हणाली. मानी बाई आहे. एकदा बरं म्हटलं की मेली तरी मोडणार नाही.

घार बुधवारी आली. कठड्यावर बसून तिने ती थरथरती, लांबलचक हाक मारली. आई टीव्हीचा आवाज वाढवून बसून राहिली. शुक्रवारी घार आली तेव्हा आईने दारच लावून घेतलं. पिशवी खुंटीला लटकत राहिली. मी म्हटलं, "अगं, तुझ्यापुरते तरी आण." तर म्हणाली, "डोकी कोणाक देऊ?" पुन्हा वरण-भात, पुन्हा दोन घास, पुन्हा ताट बाजूला. तिच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत वर जायला लागली, तेव्हा माझा धीर सुटला.

"मी खाते बांगडा. ॲलर्जीची गोळी घेऊन खाते. डोकंसुद्धा खाते."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले होते. "गोळी घेऊन बांगडो खातत? त्यापेक्षा वरण गिळ."

मला तिचा राग आला. दोन्ही सेक्रेटरींचा आला, काकींचा तर फारच आला, आणि घारीचाही आला. तिचं काय, ती आकाशात मजेत फिरत होती. भांडी घासताना मी दोन कप फोडले.

मग एका दुपारी आमच्या जिन्यावरून कोणीतरी दम खात वर आलं. टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावरच्या बाई. एकट्याच, या वेळी ओढणी खांद्यावर. मला वाटलं, नवीन तक्रार. मी पदर खोचून उभी राहिले, म्हणजे पदर नव्हता, पण तसा आव आणला.

"आंटी आहेत?" त्यांनी विचारलं. आई बाहेर आली. बाईंनी आधी मागे वळून बघितलं, मग आवाज खाली आणला. "आंटी, वो मछली... फिरसे चालू करो ना."

आईने माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे.

"पहले मछली लाती थी," बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "अब चूहा लाती है, आंटी. परसों आधा जिंदा था. माझ्या खिडकीला शेपटी घासत होता. चूहे से तो मछली अच्छी." आणि मग खरं कारण बाहेर पडलं. पिल्लू दिवसभर ओरडतं. बाईंना जेवण जात नाही. त्यांचा चहा हल्ली खिडकीतच होतो, मिस्टर म्हणतात तू वेडी झालीस. "काटे पडले तर मी साफ करीन. ग्लोव्हज आणलेत. फक्त बोनलेस देता येईल का?"

"घारीक बोनलेस?" आई म्हणाली. "हॉटेलात जेवूक बसलीहा ती?" पण हे बोलताना तिने बाईंसाठी खुर्ची ओढली होती. "पंख फुटले काय त्याका? उभा रवता?"

बाईंनी मोबाईल काढला. त्यात घारीचेच व्हिडिओ होते, घरातल्या माणसांचा एक नव्हता. आईने चष्मा लावला. घार कसलासा लाल तुकडा पायाखाली दाबून त्याचे बारीक बारीक घास काढत होती आणि चोचीने पिल्लाच्या चोचीत ठेवत होती. पिल्लाच्या पिसांत आता तपकिरी रंग आला होता. दोघी डोक्याला डोकं लावून बघत राहिल्या. एक भाषा धड नाही, एक पदार्थ दोघींच्या घरात सारखा शिजत नाही, पण "अरे, अरे, संभाळून," असं दोघी एकाच वेळी म्हणाल्या, कारण पिल्लू सज्जाच्या कडेला आलं होतं.

जिची तक्रार तिनेच मागितलं, म्हणजे आईचा "बरं" सुटला. ती उठली आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"आता दुपारी कसले ताजे मासे मिळणार?" मी म्हटलं.

"तुका काय कळता माशातला," म्हणून ती चपला घालून निघालीसुद्धा. टॉवरच्या बाई तिच्याबरोबर जिना उतरल्या. कोपऱ्यापर्यंत दोघी बरोबर जाताना मला वरून दिसल्या. पुढे बाजाराचा वास सुरू होतो तिथे बाई थांबल्या, आणि आई एकटी आत शिरली.

त्या दिवशी जेवायला चार वाजले. घार येऊन गेली होती. आईने डोक्यांचे दोन दोन तुकडे केले होते, बोनलेस नाही, पण पायात नीट मावतील असे. मी दहीभात कालवला. आई तिरफळं घातलेलं कालवण घेऊन माझ्यासमोर बसली. काटे ताटाच्या कडेला लावत जेवत होती आणि माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. मग तिने टोप पुढे ओढला आणि पुन्हा भात वाढून घेतला.

 मी खाली मान घालून दही ढवळत राहिले.

"रडतंस कित्याक?" आईने विचारलं.

"वासाने. ॲलर्जी."

"मग उठ, गॅलरीत जावन बस," ती म्हणाली. "माका अजून जेवचा हा."