डोरीनचा गुडघा आणि विनाशिकेची शिडी

आमच्या घरी सहली ठरतात त्या नवऱ्याच्या कॉन्फरन्स बघून, नाहीतर मुलीच्या सुट्ट्या बघून. एका गुडघ्यामुळे ठरलेली ही पहिलीच.

गुडघा डोरीनचा. डोरीन आमची शेजारीण, वय चौऱ्याऐंशी, जन्म लेस्टरचा आणि मुक्काम पोस्टही तेच. आम्ही राहायला आलो त्या दिवशी तिने कुंपणावरून पहिला प्रश्न विचारला होता, "कचऱ्याच्या बिन्स कुठल्या दिवशी बाहेर ठेवायच्या माहीत आहे ना, डक?" लेस्टरमध्ये सगळ्यांनाच लाडाने 'डक', म्हणजे बदक, म्हणतात. माझ्या सासूबाईंनाही एकदा म्हटलं गेलं, त्या अजून सावरलेल्या नाहीत. तर हा गुडघा बसवला माझ्या नवऱ्याने, चार वर्षांपूर्वी. श्रीकांत हाडांचा सर्जन आहे. इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात. (सासूबाई: "एवढं शिकून शेवटी मिस्टरच?")

मार्चमधल्या एका सकाळी डोरीन दारात उभी.

"मिस्टर दामले, या गुडघ्याने उभी शिडी चढता येईल का?"

श्रीकांतला वाटलं, माळ्यावरचं काहीतरी हवं असेल. "लॉफ्टमधून काय काढायचंय? मी काढून देतो की."

"लॉफ्ट नाही. बॉयलर रूम."

"पण तुमचा बॉयलर तर किचनमध्ये आहे."

"घरातला नाही हो. डिस्ट्रॉयरमधला."

मी चहा टाकला. या देशात तीस वर्षं राहून मी एवढं शिकलेय, की समोरचं माणूस असं वाक्य बोललं की आधी किटली लावायची.

डिस्ट्रॉयर म्हणजे विनाशिका. नावावरून वाटतं केवढं अजस्र धूड असेल. प्रत्यक्षात ही नौदलातली सगळ्यात धावपळ करणारी, अंगाने किरकोळ बाई. मालवाहू जहाजांच्या ताफ्याभोवती धावायचं, पाणबुड्यांचा माग काढायचा, कुणी बुडालं तर पाण्यातून उचलायचं, आणि हे सगळं करायला अंगावर धड चिलखत नाही. वेग हेच चिलखत. तिच्यावरचे खलाशी तिला लाडाने 'पत्र्याचा डबा' म्हणत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या अशा कितीतरी विनाशिका समुद्राच्या तळाशी गेल्या. त्यातल्या एकीवर डोरीनचे वडील स्टोकर होते, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणारे. वय चोवीस. डोरीन दहा महिन्यांची असताना भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजाला टॉर्पेडो लागला, तो नेमका बॉयलर रूमपाशी.

"आईला एका अधिकाऱ्याचं पत्र आलं," डोरीन म्हणाली. "सगळं क्षणात संपलं, त्याला काही कळलंही नसेल, असं. आई म्हणायची, सगळ्यांच्या बायकांना तेच लिहितात. मोज्यांच्या कारखान्यात होती ती. मशीन कायम दाराजवळचं मागून घ्यायची. सिनेमाला गेलो तरी कडेची खुर्ची. आणि जायच्या आधी एक महिना मला विचारलं, ती बॉयलर रूममधून वर यायची शिडी केवढी असेल गं?"

डोरीनला ते माहीत नव्हतं. आता तिला ते माहीत करून घ्यायचं होतं. केंटमधल्या एका जुन्या नौदल गोदीत युद्धकाळातली एक विनाशिका जपून ठेवली आहे, हे तिने लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर शोधलं होतं. बॉयलर रूममध्ये एरवी पाहुण्यांना सोडत नाहीत, तेव्हा तिने तीन पत्रं लिहून परवानगीही मिळवली होती. हाताने लिहिलेली पत्रं. अशा पत्रांना नाही म्हणायची या देशाची अजून छाती होत नाही.

गोदीचं नाव मी मुद्दाम देत नाही. तुम्ही सगळे आपापले गुडघे घेऊन तिथे पोचाल आणि त्या सज्जन माणसांना त्रास होईल. शोधलंत तर सापडेल.

मेमधल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता निघालो. लेस्टरहून एम-वन, मग एम-ट्वेंटीफाइव्ह, मग डार्टफर्डचा पूल. गाडी न थांबता तीन तास, थांबून चार. ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर साडेचार धरा, कारण हायवेवरचा प्रत्येक सर्व्हिसेसचा थांबा म्हणजे त्यांना संधी वाटते. पार्किंगमध्ये डोरीनने फॉइलमधली चीज-लोणच्याची सॅंडविचेस काढली, मी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. तिने पुऱ्या संपवल्या आणि सॅंडविचेस आम्हाला दिली. वीस वर्षांचा शेजार असा असतो.

तेवढ्यात एडिनबराहून आमच्या कन्येचा, ईराचा, फोन. गाडीतल्या स्पीकरवर.

"आई, बाबा खरंच डोरीनला शिडीवर चढवणार? हा एकदम मॅड प्लॅन आहे."

"बाबा चढवत नाहीयेत. बाबा अडवणार आहेत," श्रीकांत म्हणाला.

"ओ, मग चढेल ती," ईरा म्हणाली आणि फोन ठेवला.

आपण जन्माला घातलेल्या माणसाने आपल्याला इतकं नीट ओळखावं, हे काही बरं नाही.

गोदीत पार्किंग फुकट आहे. तिकीट महाग आहे, पण ते वर्षभर चालतं. श्रीकांतने ताबडतोब वर्षातून किती वेळा आलो तर वसूल होईल याचा हिशोब मांडला, आणि नेहमीप्रमाणे आम्ही पुन्हा येणार नाही. पायात सपाट बूट घाला. कोट बरोबर ठेवा, उन्हातही नदीवरून वारा येतो.

आणि मग ती दिसते. कोरड्या गोदीत, पाण्याबाहेर, लाकडी टेकूंवर उभी. समुद्राशिवायचं जहाज बघताना उगाच संकोच वाटतो, कुणाला दवाखान्याच्या झग्यात बघावं तसा. लांबलचक, चिंचोळी, करड्या रंगाची. जवळ गेल्यावर कळतं, की बाजूचा पत्रा सरळ नाहीच. फासळ्यांच्या मधेमधे तो आत ओढला गेलाय, उपाशी घोड्याच्या बरगड्यांसारखा. मी त्यावर बोटाने टकटक केलं. डोरीनने माझ्याकडे रागाने बघितलं. स्मशानात मोठ्याने बोलल्यासारखं वाटलं मला.

आत सगळं अंग चोरून. जेवायचं टेबल, त्याच्याच वर झोपायच्या झोळ्या टांगायचे आकडे. म्हणजे एकाच्या पाठीखाली दुसऱ्याचं ताट. डोरीन म्हणाली, "माझं किचन यापेक्षा मोठं आहे. आणि मी एकटी असते."

"इथे वीसेक जण," मागून आवाज आला. हा बॅरी. सत्तरीचा, नौदलातून निवृत्त, सगळं आयुष्य इंजिनांत गेलेलं, आता शनिवारी इथे फुकट काम करतो. हातात फॉर्म.

"वय?"

"चौऱ्याऐंशी."

"हृदय?"

"आहे."

"गुडघे?"

"एक माझा, एक याचा," डोरीनने श्रीकांतकडे बोट दाखवलं.

बॅरीने ते तसंच लिहून घेतलं.

बॉयलर रूमचं तोंड म्हणजे डेकमधलं एक भोक. गोल झाकण, त्याखाली लोखंडी शिडी, तिला उतार असा नाहीच. मी वाकून बघितलं. मी त्यातून खाली नक्की गेले असते. वर येण्याबद्दल खात्री देत नाही. श्रीकांतने बघितलं आणि त्याचा चेहरा एक्स-रे बघतानाचा झाला.

"नाही," तो म्हणाला. "डोरीन, जिना असता तर मी काही बोललो नसतो. ही उभी आहे. तो गुडघा यासाठी नाही. मी ते काम बिघडू देणार नाही."

"तुमचं काम? सरकारी दवाखान्यात झालंय ते. टॅक्स मी भरलाय, मिस्टर दामले."

"फोटो काढू या ना. बॅरी खाली जाऊन व्हिडिओ काढेल."

"मला बघायचं नाहीये. मला चढायचंय." मग आवाज खाली आणून, "तुम्ही सांगितलं होतं, गुडघा पंधरा वर्षं चालेल. मी काही पंधरा वर्षं चालणार नाहीये. तेव्हा उरलेली आज वापरू या."

श्रीकांतने माझ्याकडे बघितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली. तो माझ्याकडे असा बघतो तेव्हा त्याला परवानगी हवी असते किंवा दोषी हवा असतो.

"अरे, तू आधी खाली जा," मी म्हटलं. "पडली तर तुझ्यावर पडेल."

आणि गेला. आयुष्यभर पेशंटच्या वरच्या बाजूला उभा राहिलेला माणूस पहिल्यांदा पेशंटच्या खाली उभा राहायला गेला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेत घट्ट झालेली पॅन्ट. डोरीनच्याही डोक्यावर तसंच हेल्मेट, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वर बॅरीच्या हातात. ती उलटी वळली, शिडीकडे तोंड केलं, आणि वॉर्डात शिकवतात तो धडा खालून सुरू झाला.

"उतरताना नवा पाय आधी. नवा. आता जुना. थांबा. नवा."

"मी पहिल्यांदा पायऱ्या उतरत नाहीये, डक."

"नवा, डोरीन!"

मग बराच वेळ नुसते बुटांचे आवाज. मग तेही थांबले.

"तो कुठे उभा राहायचा?" डोरीनचा आवाज पत्र्यावर आपटून वर आला.

"बर्नर्ससमोर!" बॅरी ओरडला. "तुम्ही आहात तिथेच, जवळपास. तेलाची आग. तिच्यावर नजर ठेवायची."

"खूप गरम?"

"भयंकर. आणि आवाज. एकमेकांशी हातांनी बोलायचे."

  श्रीकांतने नंतर सांगितलं, की तेव्हा तिने दोन्ही हात पसरून बघितले आणि ते दोन्ही बाजूंना कशाला तरी लागले.

"डक!" मला हाक आली. "लाव घड्याळ."

मी फोनवरचं घड्याळ लावलं. आता जुना पाय आधी, मग नवा. खालून श्रीकांत म्हणत होता, "जुना... नवा... श्वास घ्या... जुना," आणि त्या शब्दांच्या मधल्या जागेत डोरीनचा श्वास ऐकू येत होता, शिट्टी वाजल्यासारखा. मध्ये एकदा ती थांबली. बॅरीने दोर ताणून धरला, ओढला नाही. "ओढू का?" असंही विचारलं नाही. मग तिचं पिवळं हेल्मेट दिसलं, मग एक हात डेकवर आला, शिरा वर आलेला, अंगठीचा. मी तो धरायला गेले तर तिने झटकला. हात टेकून, पोट टेकून, अजिबात शोभा न राखता ती बाहेर आली आणि तिथेच बसली.

"किती?"

"दोन मिनिटं चाळीस सेकंद."

ती हिशोब करत होती. श्रीकांतचं डोकं भोकातून वर आलं, तो तसाच शिडीवर उभा राहिला.

"मी चौऱ्याऐंशीची," डोरीन म्हणाली. "धातूचा गुडघा. तो चोवीसचा होता. कारखान्याच्या टीममधून फुटबॉल खेळायचा, आई सांगायची, मांजरासारखा. त्याला अर्धं मिनिट पुरलं असतं. अर्ध्या मिनिटात तो बाहेर असता." तिने हेल्मेट काढलं. "म्हणजे अर्धं मिनिटही नव्हतं. म्हणजे खरंच क्षणात. ते आईशी खोटं बोलले नव्हते."

मी बॅरीकडे बघितलं. चाळीस वर्षं इंजिन रूममध्ये काढलेला माणूस. त्याने तोंड उघडलं. दोर हाताभोवती गुंडाळला, परत सोडवला. मग म्हणाला, "कॅन्टीन चार वाजता बंद होतं."

कॅन्टीन बरं आहे. फिश अँड चिप्स तेलकट, पण ताजे. स्कोन घ्या, क्रीम वेगळं मागा. डोरीनने तीन कप चहा घेतला, मासा पूर्ण खाल्ला, आणि शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी कुटुंबाला बोलावून सांगितलं की तिचे वडील क्षणात गेले, त्यांना काही कळलंही नाही. त्या बिचाऱ्यांना काय बोलावं कळेना. "लव्हली," म्हणाले ते. इंग्रजांकडे प्रसंगाला दुसरा शब्द नसतो.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर झोपली. डार्टफर्डच्या पुलाचे पैसे तिथे नाक्यावर घेत नाहीत, ऑनलाइन भरावे लागतात आणि लोक विसरतात. तुम्ही विसरू नका. श्रीकांत एरवी गाडीत रेडिओवरच्या बातम्यांनाही दुरुस्त करत असतो. त्या दिवशी लेस्टर येईपर्यंत त्याने रेडिओ लावलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने डोरीनचा गुडघा तपासला. थोडी सूज, बाकी ठणठणीत. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाला, "जहाज सरळ उभं होतं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"दिवे लागलेले होते. वाफ नव्हती, पाणी नव्हतं. वरचं झाकण उघडं होतं."

"श्रीकांत, माहीत आहे मला."

बॅरीला तर आमच्याहून जास्त माहीत होतं. आडव्या झालेल्या जहाजात शिडी ही शिडी राहत नाही आणि अर्ध्या मिनिटाचा हिशोबही टिकत नाही, हे त्या डेकवर चौघांपैकी तिघांना कळत होतं. चौथीलाही कळत असेल का, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. मी विचारलं नाही. मला कुणालाही काहीही विचारायची सवय आहे, तिच्यावर माझा हा ब्लॉग चालतो, तरी विचारलं नाही.

डोरीन आता रस्त्यावरच्या सगळ्यांना सांगत असते. पोस्टमनलाही सांगून झालंय. काल कुंपणावरून मला म्हणाली, "तू आमच्या ट्रिपबद्दल लिहिलंस का?"

"लिहितेय."

"तुमच्या भाषेत? मग मला कसं कळणार?"

"मी सांगेन ना तुला," मी म्हटलं. पुऱ्यांचं सांगेन, बॅरीच्या फॉर्मचं सांगेन, श्रीकांतच्या पॅन्टचं तर रंगवून सांगेन. बाकीचं इथेच राहील.

तेव्हा वाचकहो, लेस्टरला आलात तर आमच्याकडे या. डोरीन कुंपणापाशी असेलच. ती तुम्हाला दोन मिनिटं चाळीस सेकंद सांगेल, मग अर्धं मिनिट सांगेल. तुमच्यात कुणी इंजिनिअर असतील, कुणी नौदलातले असतील. ऐकून घ्या, आणि चहा मागा.