बसलेला घसा

माझा घसा बसलाय, असं मी एकदा खोटं सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खी वसाहत मला पाणी पाजायला लागली. पाणी! ज्याच्यापासून मी वर्षभर पळत होते, नेमकं तेच. स्वतःच कडी लावायची आणि स्वतःच आतून दार बडवायचं, तशी माझी गत झाली.

नीट सांगते. पिंपरीतली आमची वसाहत जुनी, सासरे कंपनीत लागले तेव्हाची. खाली आम्ही राहतो, वरच्या मजल्यावर धाकटा दीर आणि जाऊ. गल्लीच्या तोंडाशी बुद्धविहार आहे. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, तिथं रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि बारा वर्षं ते मीच करत आले. पांढरी साडी नेसायची, बुटक्या टेबलामागे सगळ्यांकडे तोंड करून मांडी घालायची, माईक जवळ ओढायचा आणि तासभर वाचायचं. माझा आवाज चांगला आहे, उगाच कशाला लाजू? दिवसभर मी तळवड्याच्या एका लहानशा कारखान्यात वायरींचे तुकडे पिशव्यांत भरते, तिथं मला कुणी नावानं हाकसुद्धा मारत नाही. विहारात मात्र मी वाचायला लागले की मागे कुजबुजणारे पुरुषही गप्प व्हायचे. ती जागा माझी होती.

पाळी जायला आली आणि हे सुरू झालं. आधी शिंकलं की एखादा थेंब. मग हसलं की. मग बादली उचलताना, जिना चढताना. शेवटी तर घराचं कुलूप काढता काढता लघवी सुटायची, दारात उभं राहून पाय एकावर एक दाबून धरायचे. कारखान्यात बायकांचा संडास एकच आणि त्याची किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर. दर तासाला त्या माणसापुढे हात करायचा? मी पाणीच बंद केलं. सकाळी अर्धा कप चहा, नंतर घरी येईपर्यंत घोटभरसुद्धा नाही. जुन्या सुती साडीच्या घड्या करून ठेवल्या, गडद रंगाच्या साड्या वर काढल्या, कुणाकडे गेले तर सोफ्यावर बसायचं सोडून दिलं. हळूहळू जाणंच सोडलं. नवऱ्याला वाटलं, बाईला गर्व झालाय. त्याला सांगावं असं खूप वाटायचं, पण तोंडच उघडायचं नाही. हे ऐकलं की तो मला म्हातारी म्हणेल, माझ्याजवळ बसताना नाक वाकडं करेल, असं मनात बसलं होतं. तसा तो नाही, पण मनाला कोण समजावणार?

मागच्या वर्षी वाचनाच्या दुसऱ्याच आठवड्यात मला माईकसमोर शिंक आली. एकच शिंक, आणि मांडीखाली गरम झालं. पुढची पानं मी कशी वाचली ते मला आठवत नाही. शेवटचं सरणत्तय, म्हणजे त्रिशरणाची गाथा, सगळे उभं राहून म्हणतात. माझ्या पायाला मुंग्या आल्यात असं सांगून मी ते बसूनच म्हटलं. मग पुस्तकात खूण घाल, टेबलावरचं कापड सरळ कर, असं करत सगळे जाईपर्यंत थांबले. खालची चटई गुंडाळली, धुवायला झालीय म्हणाले आणि काखेत मारून घरी आणली. मोरीत बसून मी इतकी रडले, इतकी रडले, की बाहेरून नवऱ्यानं विचारलं, नळ चालू राहिलाय का.

दुसऱ्या दिवशी महिला मंडळाला सांगितलं, घसा बसलाय. घसाच का, तर गुडघा म्हटलं असतं तर खुर्ची आणून दिली असती आणि ताप म्हटला असता तर दोन दिवसांत उतरावा लागला असता. घसा बरा, हवा तितके दिवस बसतो. मंडळातल्या बायका म्हणाल्या, मग घरातलीच दुसरी आहे की. आणि माझी जाऊ मुकाट्यानं जाऊन माझ्या जागेवर बसली. एकदासुद्धा नको म्हणाली नाही. माझं डोकंच फिरलं. टपूनच बसली होती बया, असं वाटलं.

तिला नीट वाचता येत नव्हतं, हे सांगायला मला आता लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं. जोडाक्षर आलं की अडखळायची, एक ओळ सोडून दुसरीवर जायची, मग परत यायची. पुढे बसलेल्या कॉलेजच्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसायच्या. मी मागे दाराजवळ बसून तिच्या चुका बोटांवर मोजायचे. पहिल्या दिवशी अकरा.

पण माझी सुटका कुठली व्हायला! आमच्या विहारात एक मावशी आहेत, सगळ्यांत वयस्कर, मूळ गावठाणातल्या, पण आमच्या गल्लीत आयुष्य गेलं. त्या रोज घरून गरम पाण्याचा तांब्या आणायच्या, पेला भरायच्या आणि मी संपवेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. "पी गं बाई, ऊन हाय तवर," म्हणायच्या. नाही कसं म्हणू? घसा बसलेली बाई गरम पाण्याला नाही म्हणते का? तो पेला पोटात जायचा आणि पुढचा तासभर मी पाय आवळून, ओठ आवळून, घड्याळाकडे बघत बसायचे. विहाराचा संडास मागच्या बाजूला, तिकडे जायचं तर सगळ्यांच्या समोरून जावं लागतं. शेजारीण ज्येष्ठमधाचा काढा द्यायची, कारखान्यातली एक मुलगी हळदीचं पाणी बाटलीत भरून आणायची. माया करून करून बायकांनी माझा जीव घेतला.

शिवाय दिवसभर कुजबुजत बोलायचं. घरातसुद्धा, कारण जाऊ वरच राहते आणि आमच्या जिन्यातून सगळं ऐकू जातं. नवऱ्यावर ओरडायची सोय उरली नाही. आणि रोज संध्याकाळी पंचशील घेताना चौथ्या शीलाशी यायचं, खोटं बोलणार नाही असं म्हणायचं, आणि तेसुद्धा बसलेल्या घशाचं सोंग करत. तिथं माझा आवाज खरंच बसायचा.

महिना उलटल्यावर नवरा मला घशाच्या डॉक्टरकडे न्यायला निघाला. मी म्हटलं, तू चाकणची शिफ्ट बुडवू नकोस, मी जाते. आणि चिंचवडला एका बाईडॉक्टरकडे गेले. खाली मान घालून एका दमात सगळं सांगून टाकलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, याचाच मला राग आला. पाळी जाताना पुष्कळ बायकांना होतं म्हणाली, तपासणी केली, खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम शिकवला, रोज करा, दोन-तीन महिने तरी धीर धरा म्हणाली. आणि शेवटी काय म्हणाली? पाणी कमी करू नका, त्यानं आणखी त्रास होतो. हिचंही पाणीच! पॅड घ्यायला मी निगडीला गेले, कारण आमच्या गल्लीतला औषधवाला विहारात येतो.

व्यायामानं थोडा फरक पडत होता, पण तेवढा धीर माझ्यात कुठला? अश्विन पौर्णिमा जवळ आली. शेवटच्या दिवशी खीर असते, पाहुणे येतात, आजूबाजूच्या वसाहतींतली माणसं येतात. ते वाचन मला हवं होतं. नाहीतर ती जागा गेली ती गेलीच, असं मला वाटत होतं. मी सांगितलं, घसा सुटला. जावेनं पुस्तक लगेच माझ्या हातात दिलं. इतक्या लगेच दिलं याचंसुद्धा मला त्या वेळी नवल वाटलं नाही.

त्या दिवशी सकाळपासून पाण्याला शिवले नाही. दोन पॅड लावले, पांढरी साडी नेसले आणि वाचलं. असं वाचलं की मागे दारापर्यंत माणसं उभी होती ती हलली नाहीत. अडीच महिन्यांनी मी पुन्हा मी झाले होते. मग पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. ते संपेना. मी टेबलामागे तशीच मांडी घालून बसलेली, आणि दिवसभराच्या कोरड्या घशाला खोकला फुटला. खरा खोकला. दाबला तेवढा वाढला. मावशींनी लगबगीनं पाणी आणलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि प्रत्येक ठसक्याबरोबर खाली सुटत गेलं. पॅड किती पुरणार? साडी मांडीला चिकटलेली मला कळली.

भाषण संपलं आणि सगळे सरणत्तयाला उभे राहिले. मुंग्यांचं कारण दुसऱ्यांदा कोण ऐकणार होतं? मी उभी राहिले. मागच्या बुद्धमूर्तीकडे वळून हात जोडले, डोळे मिटले आणि लगेच उघडून मागे बघितलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. फक्त पहिल्या रांगेतून जाऊ माझ्याकडे बघत होती. ती रांग सोडून आली, माझ्या मागे अगदी चिकटून उभी राहिली, आणि संपेपर्यंत तिथंच उभी राहून म्हणत राहिली. मग मंडळाला म्हणाली, ताईंना चक्कर येतेय, मी घरी नेते. टाचेला पाऊल लागावं इतक्या जवळून ती माझ्या मागे चालत होती. खीर कुणाला मिळाली, कुणाला नाही, देव जाणे असं म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण मला खरंच काही दिसत नव्हतं.

गल्लीच्या वळणावर तिनं हळूच विचारलं, "ताई, तुमचा घसा बसलाच नव्हता ना?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं माझा पदर मागून ओढून नीट केला. मग म्हणाली, "मग मला एकदा सांगायचं होतंत. मला नीट वाचता येत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? पोरी हसायच्या ते ऐकू यायचं. दोनदा तर जिन्यात बसून रडले. पण म्हटलं, ताईंची जागा आहे, दुसरं कुणी बसलं तर परत मिळायची नाही. राखून ठेवावी."

दाराशी आलो. तिनं माझ्या हातातून किल्ली घेऊन कुलूप काढलं, मोरीत बादली भरली आणि साडी टाकायला सांगून पाठ फिरवून उभी राहिली. मी साडी सोडत होते आणि डोक्यात आकडे चालू होते. पहिल्या दिवशी अकरा, दुसऱ्या दिवशी नऊ, रविवारी चौदा. सगळे मला पाठ होते.