सपाटीवरचा किल्ला

सुनेने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "बाबा, तुम्ही फ्रान्सला आलात की आपण किल्ला बघायला जाऊ."

किल्ला म्हणजे चढ, हे आम्हा पुणेकरांना कुणी शिकवावं लागत नाही. तीस वर्षं दर रविवारी मी सिंहगड चढलो. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उत्तम झालंय, आता चाला, असं डॉक्टर म्हणत. पण मी जो धसका घेतला तो सदाशिव पेठेतल्या घरी खुर्चीत वर्षभर बसून राहिलो. कुणी फिरायला बोलावलं की टीव्हीवर मॅच आहे म्हणायचो. नसली तरी.

सुनेला मात्र नाही म्हणवेना. तिच्यासमोर अर्ध्या चढावर धापा टाकत बसायची वेळ आली तर, या धास्तीने मी शेजाऱ्यांना सोबत घेऊन रोज सकाळी पर्वतीला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी वीस पायऱ्या, त्याही कठडा धरून. तीन महिन्यांनी देवळापर्यंत पोचलो. याचा गवगवा करायचा नाही, अशी शेजाऱ्यांना तंबी दिली होती.

फ्रान्समध्ये त्या सकाळी मी कॅनव्हासचे बूट चढवले, कानटोपी घातली, पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या आणि सुनेच्या गाडीत बसलो. तासाभराने ती म्हणाली, "आलो आपण."

मी डोंगर शोधत होतो. समोर हिरवळ, खंदकात बदकं आणि पलीकडे निमुळत्या छपरांची, कुणा जुन्या सरदाराची दगडी हवेली. सगळं परातीसारखं सपाट.

"याला किल्ला म्हणतात? आमच्या सोसायटीतली मुलं दिवाळीत याहून उंच करतात."

ती नुसती हसली.

दालनं पाहून आम्ही मागच्या रानात शिरलो. सरदाराने शिकारीसाठी राखलेलं रान ते. ओकची जुनी झाडं, पायाखाली ओली पानं, वाट काही संपेना. पुऱ्या खायला बाकावर टेकलो तेव्हा ध्यानात आलं, आपण दोन तास चालतोय आणि गुडघ्याची आठवणसुद्धा झाली नाही.

"अगं, हा राजवाडा आहे, किल्ला कसला? तुला मराठी शिकवलं कुणी?"

"राजवाडा म्हटलं असतं तर खुर्चीतून उठला असता का?"

तिने पुरीचा तुकडा मोडला. "वीस पायऱ्या झाल्या त्या दिवशी शेजारच्या काकांचा फोन आला होता मला. मग रोजच यायचा."

शेजाऱ्यांवरचा राग मी पुण्याला परतेपर्यंत राखून ठेवला. तिला मात्र तिथेच सांगितलं की तू मला पुन्हा चालतं केलंस, हे मी कधी विसरणार नाही.

"उठा आता, गाडी लांब आहे," म्हणत तिने हात पुढे केला. आधाराची गरज नव्हती. तरी मी तो धरला, आणि गाडीपर्यंत सोडला नाही.