सात एकांची संख्या

अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, म्हणजे ओळीने सात एक. ही मूळ संख्या आहे, हिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, ही आमच्या घरात काळ्या दगडावरची रेघ होती. शोध अर्थात माझा.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि स्वतःला फार म्हणजे फारच हुशार समजत होते. एकेका मूळ संख्येने भागत निघाले होते. हजाराच्या थोडं पुढपर्यंत जायचं होतं. २३३ झालं आणि आईने हाक मारली, "ऊठ, साडी नेस. मंडळी आलीत."

मी पोह्यांची बशी देताना मुलाने विचारलं, "फावल्या वेळात काय करता?"

बाईसाहेब मान खाली घालून म्हणाल्या, "सात एकांची संख्या मूळ आहे, हे सिद्ध केलंय."

केलंय! वही आत उघडीच पडली होती. मुलगा मात्र भाळला. लग्न झालं, वही माहेरीच राहिली. यांनी ती गोष्ट जन्मभर येईल त्याला कौतुकाने सांगितली. आमचा लेक दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो, पण आईचं गणित कोण तपासणार?

परवा इथे परदेशी, लेकाकडे हॅमिल्टनला, नातीच्या वर्गात प्रत्येकाने एका मोठ्या संख्येबद्दल बोलायचं होतं. आईबाप कामावर, म्हणून मी गेले. गुडघे हनुवटीला लागतील अशा खुर्चीत बसले. तिचा नंबर सहावा. तोवर वेळ जावा म्हणून हातातल्या कागदामागे त्या वहीतला राहिलेला पुढचा भागाकार मांडला. २३९ ने.

बाकी शून्य.

पुन्हा केला. शून्यच. म्हणजे त्या दिवशी बया आणखी एक, फक्त एकच भागाकार करून उठली असती तर!

तेवढ्यात नात पोस्टर घेऊन उभी राहिली. "माय आजी चेक्ड इट बाय हँड. हीप्स ऑफ पेजेस! अँड आजोबा मॅरिड हर फॉर इट."

सगळे हसले, टाळ्या पडल्या. मी हात वर केला. शिक्षिकेला वाटलं, मी नमस्कार करतेय. तिने इथल्या पद्धतीचा नमस्कार घातला, "किया ओरा, आजी!" अख्खा वर्ग वळून ओरडला, "किया ओरा, आजी!" नात तर लाजून लाल. मी हात खाली घेतला.

घरी चालत येताना, डेअरीच्या, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, बाकावर तिला बसवून सगळं सांगितलं. आइस्क्रीम तिच्या हातावर ओघळलं.

"सो आय टोल्ड एव्हरीवन अ लाय?"

"तू नाही गं. मी."

"मिसला यू टेल. टुमॉरो."

"सांगते."

तिने आइस्क्रीम एकदा चाटलं. मग म्हणाली, "अँड आजोबा? डिड ही नो?"

"नाही."

"नेव्हर?"

यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. मी पदराने तिचा हात पुसत राहिले. आइस्क्रीम ओघळतच होतं.