आडनावासकट

"तुमच्या लोकांच्या बोलण्यासारखंच आहे हे. तुटकं."

सर म्हणाले. अख्खं ऑफिस हसलं. मीही हसले. त्या हसण्याची लाज आजही वाटते.

महाडमधलं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस. सर पुण्याचे, मी जवळच्या तुडील गावची. टर्मिनलवर काम करत होते. म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात माऊस न धरता हुकूम टाईप करून कॉम्प्युटर चालवायचा. फायलींची नावं मराठीत होती. खिडकीत सगळी विस्कटून आली. वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे. मी एवढंच म्हटलं होतं, "सर, हे नीट दिसायला पायजे."

वर म्हणाले, "आणि पायजे नाही. पाहिजे. इंग्रजीत नावं दे आणि गप काम कर."

डोक्यात भुंगा शिरला. घरच्या जुन्या लॅपटॉपवर, रविवारी, सणाच्या सुट्टीला, स्वतःचं टर्मिनल लिहायला घेतलं. ती खिडकी चौकटीच्या वहीसारखी. एका घरात एक चिन्ह. आपली वेलांटी तिला परकीच वाटते. ती अक्षराला धरून बसवायला दीड वर्ष गेलं. दोनदा सगळं पुसून पुन्हा लिहिलं.

एका दुपारी आईचं नाव टाईप केलं. लक्ष्मी. अखंड उमटलं. आईने बोट फिरवत वाचलं.

"मीच हाय गो ही!"

ऑफिसात दाखवलं. सरांनी स्वतः टाईप करून पाहिलं. मग म्हणाले, गिऱ्हाइकांना दाखवू. मुंबईहून पाहुणे यायचे त्या सकाळी मला केबिनमध्ये बोलावलं. टर्मिनल उघडलं की माझं पूर्ण नाव यायचं. त्यावर बोट ठेवलं.

"नाव राहू दे. आडनाव काढ. लोक आडनाव वाचतात, मग काम बघत नाहीत. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

आवाज किती गोड. तोच गोडवा अंगावर आला.

"काढणार नाही."

"मग पाहुण्यांसमोर येऊ नकोस."

"मग हेही येणार नाही. माझ्या घरी, माझ्या लॅपटॉपवर लिहिलंय."

"नोकरी पाहिजे ना?"

बाबा केमिकलच्या कारखान्यात पिंपं धुवायचे, काम असेल त्या दिवशीच. घरात पक्का पगार माझाच. तरी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि भर उन्हात एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. रडू आलं नाही. राग आला. त्यांचा कमी, माझा जास्त. इतकी वर्षं स्वतःची बोली गिळत बसले होते.

घरी सांगितलं. बाबांनी सोललेले हात पुसले.

"बरा केलंस. पन आता खायाचा काय?"

आता पोलादपूरला झेरॉक्सच्या दुकानात उभी असते. टर्मिनल सगळ्यांसाठी खुलं केलंय. वापरा, चुका काढा, भांडा माझ्याशी. रफार अजून घसरतो. चैन पडत नाही. तो मी बसवणार आहे.

आणि कुणी वळसे घालून विचारायच्या आधी आडनाव मीच सांगते. मोठ्याने.