पखवाजाची कणीक

कणीक भिजवली की तिच्या ओल्या वासानं पनवेलच्या आमच्या चर्चचं अंगण आठवतं. तेव्हा गोरे मिशनरी नुकतेच मायदेशी गेले होते. माझे सासरे तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू. उपासनेत पखवाज चालेल का, यावर त्यांनी गावासमोर खुली सभा घेतली. एकेकाळी भजनात पखवाज वाजवणारे आमच्या चर्चच्या मंडळीतले एक आजोबा उठले. "हा पखवाज, घरदार, सगळं सोडून मी येशूकडं आलो. आता तोच आत घेता तुमी?" सासरे हळूच म्हणाले, "निदान सुरात लावून द्या," आणि मला कणीक आणायला पाठवलं. आजोबांनी ती पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावली, एक थाप मारली आणि नाद विरेपर्यंत डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "वाजवा. मला वाजवायला नका सांगू." पुढे दर रविवारी कणीक तेच लावायचे आणि उठून मागच्या बाकावर जायचे. आता ते नाहीत. दुसरं कुणी लावतं, आणि मला तो पखवाज सुरात वाटतच नाही.