ड्राफ्टची तारीख

मी ब्लॉग लिहितो असं कळलं की मुरबाडच्या स्टँडवरची माणसं हसायची. त्यांच्या लेखी ते रिकामटेकड्याचं काम. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, आधार, जातीचे दाखले यांच्या नकला काढता काढता मधे जो वेळ मिळायचा त्यात मी गावाकडचं काहीबाही लिहायचो. म्हसा गावच्या जत्रेतला बैलबाजार, भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर पेरलेला वाल, तानसा तलावाच्या बाजूला रानात मिळणारी भाजी. वाचणारे मोजकेच. त्यातला एक माझा थोरला भाऊ होता, आणि खरं सांगायचं तर मी त्याच्यासाठीच लिहायचो.

भावानं बाबांना न विचारता परजातीतल्या मुलीशी लग्न केलं आणि तो बडोद्याला राहायला गेला. बाबांनी घरात सगळ्यांना शपथ घातली, "त्याला कुनी फोन केलात तर माझं मेलं तोंड बघाल." आमच्याकडे अशी शपथ कुणी मोडत नाही. घरच्यांचं सोडा, भावकीसुद्धा ती पाळते. त्यामुळे फोन नाही, निरोप नाही, कार्याचं बोलावणं नाही. पण ब्लॉग म्हणजे काही फोन नव्हे. शपथेत त्याचा उल्लेख नव्हता, म्हणून मी लिहीत राहिलो. एकदा मी पांढरा बैल जत्रेतून कधी आणला ते साल चुकवलं, तर खाली बिननावाची कॉमेंट आली. "त्या साली तांबडा आणला. पांढरा पुढच्या साली." मी ती आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्योच हाय." त्यानंतर तिचं सुरू झालं, माझी मान दुखते ते लिव, शेळी व्यायली ते लिव. मी बिचारा वालाच्या पोस्टमधे आईची मान घुसवायचो.

मग एका वर्षी बाबा जत्रेला गेले नाहीत. पाय चालत नाय म्हणाले. असं कधी झालं नव्हतं. मी त्याच दिवशी लिहायला घेतलं, "यंदा बाबा जत्रेला गेले नाहीत." पुढचं काही सुचेना, म्हणून तेवढं एकच वाक्य ड्राफ्टमधे ठेवून दिलं. पुढे उन्हाळा, पावसाळा गेला. मधे इतर पोस्टी लिहून झाल्या. भात पिवळं पडायला लागलं तेव्हा बाबांनी अंथरूण धरलं. शहापूरला डॉक्टरकडे नेलं, तर डॉक्टर म्हणाले, घरी न्या आणि आवडेल ते खायला द्या. याचा अर्थ आम्हाला सांगावा लागला नाही.

दुकानात येऊन मी तोच ड्राफ्ट उघडला. ते पहिलं वाक्य मला आवडलं होतं, टाकवेना. त्याखाली लिहिलं, "आता बाबांचं काही खरं नाही. ज्याला यायचं त्यानं लवकर यावं. कोणी काही बोलणार नाही." बटण दाबलं. पोस्ट उघडून पाहिली, ती होती. संध्याकाळी आईला सांगितलं, "लिवलं."

इथे काय झालं ते मला फार उशिरा कळलं, पण वाचणाऱ्याला आत्ताच सांगून टाकतो. ब्लॉगवाल्यांच्या यंत्रानं पोस्टला तारीख दिली ती ड्राफ्ट सुरू केल्याची. म्हणजे जत्रेच्या दिवसाची. त्यामुळे मधल्या सगळ्या पोस्टींच्या तळाशी ती जाऊन बसली. फीडमधे, म्हणजे वाचकाच्या फोनवर नवं लिखाण येतं तिथे, ती आलीच नाही, कारण यंत्राच्या मते ती जुनी होती. अरे, मी लिहायला कधी बसलो याच्याशी वाचणाऱ्याचा काय संबंध? ग्रामपंचायतीचा कागद कधीही लिहिलेला असो, दवंडी पिटतात त्या दिवशीच तो गावाला कळतो. घडल्याची तारीख ठेवा, लिहायला घेतल्याची ठेवा, माझी ना नाही. पण लोकांपुढे मांडलं तो दिवस वेगळा धरा आणि फीड त्या दिवसावर चालवा. निदान बटण दाबताना विचारा तरी, की बाबा रे, हे कुणाला दिसणार नाही, चालेल का? एवढं सगळं मी त्यांना लिहून पाठवलं. इंग्रजीत आभार मानणारं उत्तर आलं. ते माणसानं लिहिल्यासारखं वाटलं नाही, आणि पुढे काही झालंही नाही.

तेव्हा मात्र आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही वाट पाहत होतो. एसटीचा आवाज आला की आई हातातलं टाकून ओटीवर यायची.

"वाचलं असंल ना रे?"

"वाचलं असंल."

"मग?"

 मला भावाचा राग येऊ लागला. बायकोच्या पुढे बाप दिसत नाही, असं मनात येऊन मी त्याला शिव्या घालायचो.

एका सकाळी आई गोठ्यात होती. बाबांनी मला जवळ बोलावलं आणि भिंतीकडे तोंड करून विचारलं, "तू त्या मोबाइलवर लिवतोस, त्यो वाचतो ना?"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "वाचतो."

"मी पडलोय ते लिवलंस?"

"लिवलंय."

"कळलं त्याला?"

मी म्हटलं, "कळलंय."

 ते "बरं" म्हणाले. पाणी मागितलं आणि न पिताच भांडं परत दिलं. त्यानंतर त्यांनी भावाचा विषय काढला नाही.

कापणी सुरू झाली आणि बाबा गेले. माणूस गेला, शपथ सुटली. चुलतभावानं बडोद्याला फोन लावला. मी लावला नसता, इतका मी चिडलेलो होतो. भाऊ पोचला तोवर सगळं उरकलं होतं. अंगणात पाय ठेवताच तो मला म्हणाला, "इतकं होईपर्यंत एकानं सांगितलं नाय?"

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. "वाचून आला नायस, आणि वर मलाच विचारतोस?"

त्यानं फोन काढून माझ्यापुढे धरला. माझा ब्लॉग उघडा होता. सर्वांत वर भाताच्या रोगाची पोस्ट. मी बोटानं खाली खाली सरकवत गेलो, तर जत्रेच्या तारखेखाली माझं वाक्य सापडलं.  का कोण जाणे, मी माझ्या फोनवरून ती तारीख बदलून आजची केली. थोड्याच वेळात त्याच्या फोनवर ती पोस्ट नवी म्हणून आली.

तो अंगणातच उभा राहून वाचत होता. "कोणी काही बोलणार नाही" हे त्यानं मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, "तू लिवलंस ते बाबांना माहीत होतं?"

"त्यांनीच विचारलं मला."

"काय सांगितलंस?"

"तुला कळलंय म्हनून."

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजी ह्यो कळून पन आला नाय, असं समजून गेले ते."